ठाणे अंमलदाराचे टेबल

पोलीस ठाण्याच्या दारातून आत पाऊल टाकताच समोर जे टेबल दिसते ते ठाणे अंमलदाराचे. बहुधा एखादा हवालदार तेथे बसलेला असतो. पुढ्यात ठाणे दैनंदिनी, शेजारी संगणकाचा पडदा, कोपऱ्यात खरखरणारा बिनतारी संच आणि कोणत्याही क्षणी वाजू शकणारा दूरध्वनी. त्या टेबलापाशी जो माणूस येतो, तो बहुधा आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवशी येतो. मुलगी सायंकाळपासून घरी परतलेली नसते, दुकानाचे कुलूप तुटलेले असते, धाकट्या भावाचा मृतदेह रेल्वेच्या रुळालगत सापडलेला असतो. त्या माणसाच्या लेखी असा दिवस पूर्वी कधी उगवलेला नसतो. टेबलामागे बसलेल्या माणसाच्या लेखी मात्र ते त्या रात्रीचे चौथे प्रकरण असते.

म्हणून त्याचा आवाज कोरडा येतो. "नाव सांगा. वय? राहणार कुठले?" समोरची आई रडत असते आणि हा मान वर न करता लिहीत असतो. बाहेर पडल्यावर ती म्हणते, यांना काळीज नसते. हा निष्कर्ष चुकीचा असला तरी अस्वाभाविक नाही. त्या कोरडेपणाचा उगम मात्र फार थोडे लोक शोधतात. वीस वर्षांपूर्वी भरती झालेला तो तरुण असा नव्हता. त्याने पहिला मरणोत्तर पंचनामा केला त्या रात्री त्याला जेवण गेले नव्हते. आता तो पंचनामा आटोपून डबा उघडतो. मधल्या वर्षांत जे घडले त्याला मानसशास्त्रात 'बर्नआउट' म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मासलाक यांनी त्याची तीन अंगे सांगितली आहेत: मनाचा पुरता थकवा, माणसांविषयी आलेला तुटकपणा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळलाच गेला नाही तर उद्भवणारी ती अवस्था आहे, असे तेथे म्हटले आहे. 'हाताळलाच गेला नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ताण हाताळण्याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्याची असते असे त्यांत कोठेही सुचवलेले नाही.

गोंदिया जिल्ह्यात या ताणाला दोन मुखे आहेत. एक शहराचे. हावडा-मुंबई लोहमार्गावरचे मोठे जंक्शन, धानाच्या गिरण्या, बाजारपेठ, रात्रभर चालणारी ये-जा आणि त्यासोबत येणाऱ्या चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी, बेपत्ता माणसे. दुसरे मुख सीमेवरच्या अरण्याचे. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश, दक्षिणेला गडचिरोली. सालेकसा तालुक्यातील दरेकसा, बिजेपार, मुरकुटडोह, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील भरनोली ही नावे बाहेरच्यांना नकाशात शोधावी लागतात. तेथे पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रे आहेत. काटेरी तारेच्या कुंपणात, वाळूच्या पोत्यांच्या आडोशाने, पाळीपाळीने जागत ही माणसे राहतात. नक्षलविरोधी मोहिमा पाहण्यासाठी अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय देवरीला ठेवावे लागले, यावरून या भागाचे स्वरूप ध्यानात यावे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याला बरोबर वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १ मे २०१९ रोजी, शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मृत्यू पावले. कुरखेड्याला लागून गोंदियाची हद्द आहे. पोलीस शिपायांची भरती जिल्हावार होत असली तरी या भागातील नातीगोती जिल्ह्याच्या रेषा मानत नाहीत. महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन आटोपून दुपारच्या जेवणाला बसलेल्या कित्येक पोलीस घरांत त्या दिवशी दूरध्वनी वाजू लागले, आणि प्रत्येक घराने पहिला प्रश्न एकच विचारला असेल, की आपला माणूस कोठे आहे.

अलीकडे चित्र पालटते आहे. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात गडचिरोलीत भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने आपल्या साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. नोव्हेंबर अखेरीस महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या संयुक्त विभागाचा प्रवक्ता अनंत याने साथीदारांसह गोंदियात आत्मसमर्पण केले. जिल्ह्याने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो योग्यच होता. परंतु मन शासकीय घोषणांच्या वेळापत्रकाने शांत होत नाही. दहा वर्षे प्रत्येक पुलाखाली नजर टाकून मगच पुढे जाण्याची सवय लागलेला जवान गोंदिया शहरात बदलून आला, तरी रस्त्याच्या कडेला ताजी उकरलेली माती दिसली की त्याचा पाय थबकतो. दिवाळीत मुलाने फटाका उडवला की तो दचकतो आणि मग दचकल्याबद्दल चिडतो. घरच्यांना त्याची चीड तेवढी दिसते.

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. पोलिसांच्या ताणाचे मूळ गोळी, बॉम्ब आणि गुन्हेगार यांत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या विषयावर निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतून वारंवार पुढे आलेली गोष्ट वेगळीच आहे. धोक्याचा ताण असतोच, पण कर्मचारी स्वतः ज्याची तक्रार अधिक करतात तो ताण संघटनेच्या आतला असतो: न संपणारे तास, ऐन वेळी रद्द होणारी रजा, वरिष्ठांचा अपमानकारक शब्द, अचानक येणारी बदली, आणि आपल्या दिवसावर आपलाच ताबा नसणे. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेला विचार याच अंगाने जाणारा आहे. काम जड असल्याने माणूस तितकासा मोडत नाही. काम जड आणि त्यावर अधिकार मात्र शून्य, ही जोडी त्याला मोडते. पोलीस शिपाई, कारागृहाचा रक्षक, न्यायालयाचा बेलीफ ही सगळी माणसे नेमकी या जोडीत सापडलेली आहेत.

आकडे पाहावेत. पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी २०१४ मध्ये झालेल्या देशव्यापी अभ्यासात असे आढळले, की ठाण्यांतील सुमारे ९० टक्के कर्मचारी दररोज ८ तासांहून अधिक काम करतात, आणि जवळपास तीन चतुर्थांश कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. २०१९ मध्ये 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' यांनी २१ राज्यांत सुमारे १२ हजार पोलिसांशी बोलून अहवाल सिद्ध केला. त्यात दिवसाचे सरासरी काम १४ तासांचे निघाले. निम्म्या पोलिसांनी साप्ताहिक सुट्टी मिळतच नाही असे सांगितले. या अहवालाचे वेगळेपण असे, की अभ्यासकांनी १० हजारांहून अधिक कुटुंबीयांशीही संवाद साधला. पोलिसाच्या कामाचा हिशेब त्याच्या पत्नीला विचारावा ही कल्पना सुचायला २०१९ साल उजाडावे लागले, हे नवलच म्हणावे.

महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शिपायापासून निरीक्षकापर्यंतच्या नैमित्तिक रजा वर्षाला १२ वरून २० केल्या. निर्णय स्वागतार्ह होता. पण रजा कागदावर असणे आणि हातात पडणे यांत बरेच अंतर असते. गोंदियातील शिपायाच्या वर्षाकडे पाहिले की हे कळते. पोळा आणि मारबत, मग गणेशोत्सव, लगेच नवरात्रातील दुर्गोत्सव, त्यानंतर दिवाळी. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळ कचारगडची यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाजाचे लाखो भाविक डोंगरातील गुहेपर्यंत चढून जातात. वाट अरुंद, चढ अवघड, गर्दी अफाट. त्या वाटेवर दोर धरून उभा राहणारा पोलीस सलग किती तास उभा होता, हे कोणी विचारत नाही. मधल्या काळात निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. चैत्रात महावीर जयंतीची शोभायात्रा निघते तेव्हा चौकाचौकांत तोच शिपाई उभा असतो. प्रत्येक समाजाचा सण हा त्याचा कामाचा दिवस असतो, आणि त्याच्या स्वतःच्या घरचा सणही त्यातच वाहून जातो.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांतील कित्येक तरतुदी नागरिकाच्या हिताच्या आहेत, याबद्दल दुमत नसावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृश्य-ध्वनिमुद्रण करावे लागते. ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी कलम १७६ ची अपेक्षा आहे. तपास कोठवर आला हे फिर्यादीला अथवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवावे लागते. जुन्या पद्धतीत ज्याला दोन पंच आणि एक लेखणी पुरत होती, त्याला आता भ्रमणध्वनी, प्रणाली, परवलीचा शब्द आणि नेटवर्क लागते. चाळिशी ओलांडलेला हवालदार जंगलालगतच्या टोल्यावर, जेथे नेटवर्कची एक काडी येते आणि जाते, हात उंच करून चित्रीकरण साठवले जाण्याची वाट पाहतो. न्यायालयात उलटतपासणीत त्याला विचारले जाईल, चित्रीकरण या वेळी का थांबले? कायदा चांगला असतो आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या हातांची संख्या तेवढीच राहते. ही तफावत शेवटी कोणाच्या तरी झोपेतून भरून काढली जाते.

न्यायव्यवस्थेतील ताण म्हटले की पोलीसच डोळ्यांपुढे येतात. न्यायालयाच्या इमारतीतील माणसांचा विचार क्वचित होतो. विधी आयोगाने १९८७ मध्येच दर १० लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत, अशी शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. आजही देश त्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचलेला नाही. न्यायाधीश कमी म्हणजे तारखा जास्त, आणि तारखा जास्त म्हणजे पक्षकारांचा संताप जास्त. न्यायाधीशांवर तो काढता येत नाही. तो निघतो दाराशी नाव पुकारणाऱ्या शिपायावर, पुढची तारीख सांगणाऱ्या लिपिकावर आणि घर रिकामे करण्याचा हुकूम घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बेलिफावर. हुकूम त्याने लिहिलेला नसतो. शिव्या मात्र त्यालाच ऐकाव्या लागतात, कारण त्या उंबऱ्यापाशी न्यायसंस्थेचा चेहरा त्याचाच असतो.

न्यायालयातील सर्वांत शांत दिसणारे आसन लघुलेखकाचे. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ साली आला. त्याच्या ३३ व्या कलमात फार करुणेने विचार केलेला आहे. बालकाला वकिलांनी थेट प्रश्न विचारू नयेत, ते न्यायालयामार्फत विचारले जावेत. साक्षीच्या दरम्यान बालकाला वारंवार विश्रांती द्यावी. न्यायालयातले वातावरण त्याला भीतीदायक वाटू नये. सात वर्षांची मुलगी अडखळत जे सांगते ते न्यायाधीश ऐकतात, आणि कोपऱ्यातील लघुलेखक ते शब्दशः टंकित करते. शब्द गाळता येत नाही, सौम्य करता येत नाही, मान वळवता येत नाही. मुलीला विश्रांती मिळते, ती मिळायलाच हवी. टंकलेखन करणारी स्त्री त्या दहा मिनिटांत मागील प्रकरणाचा कागद पूर्ण करते. सायंकाळी तिला स्वतःच्या मुलीला शाळेतून आणायचे असते. वाटेत भेटलेल्या प्रत्येक परिचित पुरुषाकडे ती संशयाने पाहू लागते, शेजारच्या काकांकडे मुलीला पाठवणे बंद करते, आणि याचे कारण तिला स्वतःलाही नीट उमगत नाही. मॅककॅन आणि पर्लमन या दोन अभ्यासिकांनी १९९० मध्ये या अवस्थेला नाव दिले. दुसऱ्याच्या आघाताच्या कथा सतत ऐकल्याने ऐकणाऱ्याची जगाविषयीची समजूतच हळूहळू बदलत जाते, असे त्यांनी दाखवले. हे दुबळेपणाचे लक्षण नाही. ज्याच्या अंगी सहानुभूती आहे त्यालाच हे होते.

गावपातळीवर आणखी एक माणूस आहे, तो म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे नेमलेला हा मनुष्य गणवेश घालत नाही, शस्त्र बाळगत नाही आणि रात्री ठाण्यात नव्हे, स्वतःच्या गावात झोपतो. नक्षलग्रस्त पट्ट्यात खबऱ्या असल्याच्या संशयाची टांगती तलवार वर्षानुवर्षे ज्यांच्या डोक्यावर राहिली, त्यांत हा पोलीस पाटील होता. २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे मानधन महिन्याला ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये झाले. भीतीची भरपाई पैशाने करण्याचा हा मार्ग जुना आहे. आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांना २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते, तीही त्याच विचारातून. पैसा आवश्यक असतो, मुलांच्या शिक्षणाला तो लागतोच. रात्री तीन वाजता जाग आलेल्या माणसाला मात्र वेतनश्रेणीचा उपयोग होत नाही.

मग ही माणसे सावरतात कशी? सर्वांत सुलभ साधन ठाण्यासमोरच्या पानटपरीवर मिळते. विदर्भात त्याला खर्रा म्हणतात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून दिलेली ही पुडी झोप उडवते, भूक मारते आणि दोन माणसांना पाच मिनिटे एकत्र उभे राहण्याचे निमित्त देते. हे शेवटचे कारण कमी लेखू नये. तोंडाच्या कर्करोगाची भीती घालून खर्रा सोडा म्हणणारे शिबिर होते, परंतु ती पाच मिनिटे कोठून आणायची हे शिबिरात सांगितले जात नाही. दुसरे साधन मद्य. तिसरे, आणि अलीकडे सर्वांत व्यापक, भ्रमणध्वनीचा पडदा: घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून रात्री एकपर्यंत बोट सरकवत राहणे. यांतील कोणतेही साधन झोप देत नाही. आणि झोप हाच येथील मूळ प्रश्न आहे. रात्रपाळीच्या कामामुळे शरीराचे घड्याळ बिघडते, त्यातून कर्करोगाचा धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये नोंदवले आहे.

घरातील माणसे या ताणाची पहिली साक्षीदार असतात. पोलीस वसाहतीतील पत्नी दारावरच्या बुटांच्या आवाजावरून दिवस कसा गेला हे ओळखते. ती मुलांना खुणेने शांत करते. जेवताना कोणी काही विचारत नाही, कारण विचारले तर उत्तर मिळत नाही किंवा ताट बाजूला सारले जाते. तो बोलत नाही त्यामागे बहुधा प्रेमच असते. जे पाहिले ते घरात आणायचे नाही, हा त्याचा निश्चय असतो. परंतु मौन घरात शिरतेच, आणि त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या परीने लावतो. पत्नीला वाटते, आपल्यावर राग आहे. मुलाला वाटते, आपल्याला कमी गुण मिळाले म्हणून. समुपदेशक अशा घरांना एक साधी गोष्ट सुचवतात. घटनेचा तपशील सांगण्याची गरज नाही, पण "आजचा दिवस वाईट होता, त्याचे कारण तुम्ही नाही" एवढे एक वाक्य उंबऱ्यात बोलावे. पोलिसी शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे वाक्य उच्चारणे किती अवघड जाते, हे त्याच्या घरचेच जाणोत.

महिला पोलिसांचे ओझे दुप्पट. बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची सवय त्यांच्यापैकी कित्येकींना लागते. घरी पोहोचल्यावर दुसरी पाळी चुलीपाशी सुरू होते. २०२२ च्या जानेवारीत तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला अंमलदारांसाठी ८ तासांची पाळी राज्यभर लागू करण्याचे निर्देश दिले. त्यामागचे कारण घर आणि नोकरी या दोहोंची कसरत असे सांगितले गेले. निर्देश चांगला होता, पण त्यातून एक अर्थ असाही निघतो, की घर सांभाळणे हे केवळ स्त्रीचेच काम. पुरुष पोलिसालाही घर असते, वृद्ध आई असते, शाळेत पालकसभा असते.

आठ तासांची पाळी पोलिसांत अशक्य आहे, हे वाक्य पिढ्यान्पिढ्या ऐकवले जात होते. ते खोटे ठरवण्याचा यशस्वी प्रयत्न एका शिपायाने केला. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातील रवींद्र पाटील यांनी उपलब्ध मनुष्यबळाचा हिशेब मांडून तीन पाळ्यांचा आराखडा तयार केला आणि तो तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवला. आयुक्तांनी तो ऐकून घेतला, ही त्यातील अर्धी गोष्ट. मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि पुढे मुंबईतील इतर ठाण्यांत नेण्यात आला. मुंबईचे मनुष्यबळ आणि केशोरी किंवा चिचगडचे मनुष्यबळ यांची तुलना होऊ शकत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण देवनारचा धडा तासांपुरता नाही. ज्याच्या पायात काटा रुततो त्यालाच वाट कशी बदलावी हे अधिक कळते, आणि त्याला विचारले तर उत्तर निघू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

याउलट, आघाताच्या घटनेनंतर सर्वांना एकत्र बसवून एकदाच मन मोकळे करून घेण्याची पद्धत परदेशांत १९८० च्या दशकात फार लोकप्रिय झाली. पुढे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा अशा एका बैठकीने नंतरचे विकार टळतात याला पुरावा मिळाला नाही. काहींचा त्रास उलट वाढल्याची चिन्हे दिसली. जखम ओली असताना ती सर्वांसमक्ष उघडायला लावणे हा उपचार नव्हे. योग दिनाला परेड मैदानावर एका सकाळी शेकडो पोलिसांना श्वास रोखायला लावून छायाचित्र काढणे, हेही तितकेच निरुपयोगी. प्राणायामात दोष नाही, नियमाने करणाऱ्याला त्याचा लाभ होतोच. पण रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी सहाला हजर राहण्याचा हुकूम देऊन त्याचा ताण कमी करता येत नाही. उपयोगी पडते ते अगदी साधे असते. पाळीचे वेळापत्रक आठवडाभर आधी कळणे, वाईट घटनेनंतरचा दिवस मोकळा मिळणे, आणि त्याच वाटेने गेलेला एखादा ज्येष्ठ सहकारी, जो न बोलावता घरी येऊन चहा घेतो.

औपचारिक मदतीचे मार्गही आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलिमानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असते, आणि मराठीत बोलता येते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही पोलीस तेथे जात नाहीत. त्यांना भीती वाटते ती आजाराची नव्हे, नोंदीची. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याचे कळले तर शस्त्र काढून घेतील, साइड ब्रँचला टाकतील, मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. हे कलम ठाण्याच्या फलकावर लावले तर त्याचा उपयोग कदाचित दहा व्याख्यानांहून अधिक होईल. जो सहकारी अचानक अबोल झाला आहे, निरवानिरवीची भाषा करतो आहे, झोप आणि जेवण दोन्ही सोडून बसला आहे, त्याला एकटे न सोडता स्पष्ट विचारावे, त्याच्यासोबत बसून तो क्रमांक लावून द्यावा. विचारल्याने वाईट विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे.

आपले दुःख सामूहिकपणे मांडण्याचा मार्ग या कर्मचाऱ्यांना जवळपास नाही, ही त्यांची आणखी एक कोंडी. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा १९६६ चा आहे. महाराष्ट्रात पोलिसांची संघटना काही काळ होती. १९८२ च्या ऑगस्टमध्ये तिच्या नेत्यांना अटक झाल्यावर मुंबईत पोलिसांचाच उद्रेक झाला, शहरात सैन्य आणावे लागले, आणि संघटनेची मान्यता गेली. सशस्त्र दलाने संप करू नये यामागचे कारण समजण्याजोगे आहे. परंतु तेव्हापासून शिपायाच्या हाती उरला तो 'दरबार'. वर्षातून काही वेळा पोलीस अधीक्षक कर्मचाऱ्यांना समोर बसवून अडचणी ऐकतात. अधिकारी ऐकणारा असेल तर त्या दोन तासांत रजा, निवासस्थान, बदली यांचे कित्येक गुंते सुटतात. नसेल तर पहिल्या रांगेतील माणूस उठून "सर्व ठीक आहे, साहेब" म्हणतो आणि खाली बसतो.

नोव्हेंबरात गोंदियात धान कापणीला आलेले असते. शिपायांपैकी अनेकांच्या घरी दोन-चार एकर शेती असते, वडील थकलेले असतात, मजूर मिळत नाहीत. रजेचे अर्ज याच सुमारास साचतात. आणि याच सुमारास नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्ताची यादी येते. विदर्भातील इतर जिल्ह्यांप्रमाणे गोंदियातूनही पथके निघतात. शाळा, सभागृहे, मंगल कार्यालये यांत सतरंजीवर झोपायचे, पहाटे थंड पाण्याने आंघोळ करून विधानभवनाकडे येणारे रस्ते अडवून उभे राहायचे. दिवसभर मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका येतात, शिक्षक येतात, कंत्राटी कर्मचारी येतात. वेतन, रजा, कामाचे तास यांच्या मागण्या घोषणांत ऐकू येतात. सालेकशाहून आलेला शिपाई लोखंडी कठड्याच्या अलीकडे उभा राहून त्या घोषणा शब्द न शब्द ऐकतो. खिशात त्याचा भ्रमणध्वनी थरथरतो. घरून निरोप आलेला असतो की धान कापून झाले, बांधीत पडून आहे, आणि आभाळ भरून आले आहे.